काळी बुरशी : औषध, शस्त्रक्रिया आणि साखर

एका बाजूचे नाक बंद आहे, त्याच बाजूचा गाल बधिर वाटतो आहे आणि वरची दाढ दुखते आहे, अशा तीन तक्रारी घेऊन एखादा मधुमेही रुग्ण समोर बसला, की आज कोणत्याही जनरल प्रॅक्टिशनरच्या मनात एक नाव येते : म्युकरमायकोसिस. २०२१ पूर्वी ते सहजासहजी येत नसे. आम्ही एम.बी.बी.एस.ला असताना हा आजार पुस्तकात एखाद्या परिच्छेदापुरता होता. परीक्षेत त्यावर प्रश्न यायचा नाही आणि वॉर्डात तसा रुग्ण दिसलाच, तर सगळी बॅच त्याच्या खाटेभोवती जमायची.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर हे चित्र पालटले. वर्तमानपत्रांनी त्याला 'काळी बुरशी' असे नाव दिले आणि ते घरोघरी पोचले. आता ती साथ ओसरून काही वर्षे झाली. लोक विसरले. विसरणे हा मनुष्यस्वभाव आहे आणि साथीच्या बाबतीत तो काहीसा बरादेखील. पण हा आजार कोरोनाबरोबर आला नव्हता आणि कोरोनाबरोबर गेलेलाही नाही. दरम्यानच्या काळात आपल्या देशातील कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आणि नेत्रतज्ज्ञांनी हजारो रुग्णांच्या नोंदी एकत्र करून जे संशोधन केले, त्यातून सामान्य माणसाच्या उपयोगाच्या काही गोष्टी हाती आल्या आहेत. त्या आज सोप्या भाषेत पाहू.

बुरशी काळी नसते

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. ही बुरशी काळी नाही. पावावर, सडक्या फळावर, शेणखतात, ओल्या मातीत जी पांढुरकी-करडी लव वाढते, त्याच कुळातील ही. काळे पडते ते आपले शरीर. या बुरशीने ज्या भागाचा रक्तपुरवठा तोडला, तो भाग मरतो आणि मेलेले मांस काळे दिसते.

२०२१ च्या मे महिन्यात मोबाइलवर एक संदेश फिरत होता : कांद्याच्या सालीवरची काळी पूड आणि फ्रिजच्या दाराच्या रबरावरचा काळा थर म्हणजेच काळी बुरशी. अनेकांनी कांदे फेकून दिले. कांद्यावरची ती काळी पूड वेगळ्या जातीच्या बुरशीची असते. कांदा धुऊन घ्यावा, फ्रिज पुसावा, हे चांगलेच. पण म्युकरमायकोसिसचा त्याच्याशी संबंध नाही.

आणखी एक भीती होती : हा रोग एकाचा दुसऱ्याला होतो का? होत नाही. या बुरशीचे बीजकण हवेत सर्वत्र असतात. तुमच्या-आमच्या नाकात ते रोज जातात. निरोगी माणसाच्या शरीरातील पांढऱ्या पेशी त्यांचा तिथल्या तिथे निकाल लावतात. म्हणून घरात असा रुग्ण असेल, तर त्याला वेगळे ताट, वेगळी खोली देण्याचे काही कारण नाही. त्याची सेवा निर्धास्तपणे करावी.

१८८५ साली पाल्टाउफ नावाच्या वैद्यकीय तज्ज्ञाने माणसातील या रोगाचे वर्णन प्रथम केले. म्हणजे रोगाची ओळख सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

शरीरात काय घडते

नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालाच्या हाडात, डोळ्यांच्या मधोमध आणि कपाळात हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांना आपण सायनस म्हणतो. बीजकण नाकातून येथे पोचतात. पांढऱ्या पेशी दुबळ्या असतील, तर कणाला अंकुर फुटतो आणि धागे वाढू लागतात. या धाग्यांची खोड अशी, की ते रक्तवाहिनीच्या भिंतीतून आत शिरतात. आत गुठळी होते, रक्त थांबते, पुढचा भाग मरतो. मेलेल्या भागात बुरशी अधिकच फोफावते.

नाक, डोळा आणि मेंदू हे एकमेकांचे किती सख्खे शेजारी आहेत, याची आपल्याला कल्पना नसते. सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामधले हाड काही ठिकाणी कागदासारखे पातळ असते. खोबणीच्या मागून मेंदूकडे जायला वाट आहे. खाली टाळू आणि वरचा जबडा. म्हणून हा रोग नाकात सुरू होतो आणि दात, डोळा, मेंदू अशा वाटेने पसरतो. ही वाटचाल काही वेळा महिन्याची नसते, काही दिवसांची असते.

साखर आणि स्टेरॉइड

मग हा रोग कोणाला होतो? कोरोनापूर्वी भारतातील १२ रुग्णालयांनी मिळून ४६५ रुग्णांचा अभ्यास केला होता. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे ७३ टक्के रुग्ण मधुमेही होते. पाश्चात्त्य देशांत हा रोग मुख्यतः रक्ताचा कर्करोग झालेल्यांना किंवा अवयवरोपण केलेल्यांना होतो. आपल्याकडे तो मधुमेह्यांचा रोग आहे, हा मोठा फरक.

रक्तात साखर फार वाढली, की पांढऱ्या पेशी सुस्तावतात. साखर अगदी हाताबाहेर जाऊन रक्तात आम्ल साठू लागले, की रक्तातील लोह त्याच्या वाहक प्रथिनापासून सुटे होते. ही बुरशी लोहाची भुकेली असते. अशा रीतीने पहारेकरी झोपलेला आणि कोठार उघडे, अशी स्थिती होते.

त्यात २०२१ मध्ये स्टेरॉइडची भर पडली. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. स्टेरॉइड हे खलनायक नाही. इंग्लंडमधील 'रिकव्हरी' या मोठ्या चाचणीने जून २०२० मध्ये दाखवून दिले, की डेक्सामेथासोन हे साधे, स्वस्त औषध रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिले, तर कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील कोरोना रुग्णांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांतील मृत्यू सुमारे एक पंचमांशाने घटतात. मात्र ज्यांना ऑक्सिजन लागत नाही, त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. म्हणजे औषध तेच. योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत, योग्य दिवस दिले तर प्राण वाचवणारे. पण लाट शिगेला असताना शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून तेच औषध दुकानातून आणणारे, ताप आला त्याच दिवशी सुरू करणारे आणि बरे वाटते म्हणून तीन-तीन आठवडे चालू ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. स्टेरॉइडने साखर वाढते आणि प्रतिकारशक्ती दबते. मधुमेह्याला दोन्हीकडून मार.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात देशातील १६ केंद्रांनी म्युकरमायकोसिसच्या २८७ रुग्णांचा अभ्यास केला. त्यातील १८७ जणांना कोरोना झालेला होता. या अभ्यासात रक्तातील ऑक्सिजन कमी होणे आणि स्टेरॉइडचा अयोग्य वापर, या दोन गोष्टींचा रोगाशी स्वतंत्र संबंध दिसला. त्याच चार महिन्यांची २०१९ मधील तशाच चार महिन्यांशी तुलना केली, तेव्हा या रोगाचे प्रमाण दुपटीहून थोडे अधिक झालेले आढळले. रुग्णालयात भरती झालेल्या कोरोना रुग्णांत हे प्रमाण ०.२७ टक्के, म्हणजे हजारात तिघांहूनही कमी होते. आकडा लहान वाटतो. पण लाखो लोक एकाच वेळी आजारी पडले, की लहान आकड्याचीही मोठी रांग होते.

मे २०२१ चे दिवस

महाराष्ट्रातील कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले आणि पुढे दोन वर्षे या शहराने फार सोसले. दुसऱ्या लाटेच्या अखेरीस, रुग्ण घरी परतू लागले तेव्हा हा नवा पाहुणा आला. ९ मे २०२१ रोजी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने डॉक्टरांसाठी सूचना काढल्या. त्याच महिन्यात केंद्राने राज्यांना हा रोग १८९७ च्या साथरोग कायद्याखाली 'कळवणे बंधनकारक' करण्यास सांगितले. महाराष्ट्र शासनाने त्याच्या उपचारांचा समावेश महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत केला.

जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि सुमारे ४,३०० मृत्यूंची नोंद झाली. गुजरात आणि महाराष्ट्र या दोन राज्यांना सर्वाधिक झळ बसली. ससूनपासून खासगी रुग्णालयांपर्यंत कान-नाक-घसा विभागांवर असा ताण यापूर्वी कधी आला नव्हता. एरवी टॉन्सिल, नाकाचा वाकडा पडदा आणि कानाचा फाटलेला पडदा यांच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन दिवसदिवस मेलेली हाडे काढत उभे होते. आणि बाहेर नातेवाईक एका इंजेक्शनच्या कुप्यांसाठी शहरभर फिरत होते.

ते इंजेक्शन म्हणजे अँफोटेरिसिन बी. १९५० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून ते मिळाले. या औषधाच्या घराण्याशी पुण्याचे जुने नाते आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हॅमायसिन' नावाचे बुरशीविरोधी औषध शोधले. ते अँफोटेरिसिनच्याच कुळातले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याचे नाव ठेवले 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. पिंपरी गावाचे नाव असे शास्त्राच्या पुस्तकात गेले.

औषध आहे, मग चाकू कशाला?

नातेवाइकांचा हमखास प्रश्न : "डॉक्टर, एवढे महागाचे इंजेक्शन चालू आहे, मग जबडा काढायची काय गरज?"

याचे उत्तर वर आलेच आहे, फक्त ते जुळवून पाहायचे. औषध शिरेतून देतात, म्हणजे ते रक्ताबरोबर जाते. बुरशीने रक्ताचीच वाट बंद केली आहे. मग मेलेल्या भागात औषध पोचणार कसे? जिथे पाटाचे पाणीच जात नाही, त्या वाफ्याला खत देऊन उपयोग नाही. म्हणून मेलेला भाग काढून टाकणे हा उपचाराचा अर्धा भाग आहे. उरलेल्या जिवंत भागात रक्त खेळते, तेथे औषध काम करते. सर्जन ताजे, लाल रक्त दिसेपर्यंत मेलेले मांस आणि हाड काढत जातो, ते याचसाठी.

पूर्वी यासाठी चेहऱ्यावर मोठा छेद घ्यावा लागे. १९७० आणि १९८० च्या दशकांत ऑस्ट्रियातील ग्राझ येथील मेसरक्लिंगर आणि त्यांचे शिष्य स्टामबर्गर यांनी नाकात दुर्बीण घालून सायनसवर उपचार करण्याचे तंत्र रुजवले. आता बरेचसे काम नाकपुडीतूनच होते. रोग टाळू-जबड्यात असेल, तर तो भाग तोंडातून काढतात. डोळा पूर्ण निकामी होऊन रोग मेंदूच्या वाटेवर असेल, तर मात्र डोळा काढण्याचा कठोर निर्णय घ्यावा लागतो. एकाच शस्त्रक्रियेत भागतेच असे नाही. काही दिवसांनी पुन्हा दुर्बिणीने पाहून नव्याने काळा पडलेला भाग काढावा लागतो.

निकाल काय सांगतात

शस्त्रक्रियेने खरोखर फरक पडतो का? या प्रश्नाला आता बऱ्यापैकी उत्तर आहे.

भारतीय नेत्रतज्ज्ञांनी पुढाकार घेऊन केलेल्या 'कॉस्मिक' या अभ्यासात मे २०२१ अखेरपर्यंतच्या २,८२६ रुग्णांची माहिती एकत्र केली. त्यातील २१ टक्के महाराष्ट्रातील होते. सरासरी वय सुमारे ५२ वर्षे. ७८ टक्के मधुमेही. ८७ टक्क्यांना स्टेरॉइड मिळाले होते, पण ऑक्सिजन लागला होता तो फक्त ५७ टक्क्यांना. या दोन आकड्यांमधली दरी वाचकांनी क्षणभर थांबून पाहावी. ७२ टक्के रुग्णांत रोग डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचलेला होता. ज्यांचा रोग मेंदूपर्यंत गेला होता, अशा शेवटच्या टप्प्यातील रुग्णांतही सायनसची सफाई आणि डोळा काढण्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आले.

कोरोनापूर्वीच्या ४६५ रुग्णांच्या अभ्यासातही औषध आणि शस्त्रक्रिया दोन्ही मिळालेल्यांचे वाचण्याचे प्रमाण चांगले होते. वेळेबद्दल सांगायचे, तर अमेरिकेत ह्यूस्टन येथे रक्ताच्या कर्करोगाच्या ७० रुग्णांचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे औषध निदानानंतर ६ दिवसांच्या आत सुरू झाले, त्यांच्यात १२ आठवड्यांतील मृत्यू ४९ टक्क्यांच्या आसपास होते. ज्यांना उशीर झाला, त्यांच्यात ८३ टक्के. रोगी तेच, औषध तेच, फरक आठवड्याचा.

आकडे कसे वाचावेत

आता थोडे सावधपणे. 'कॉस्मिक'मध्ये एकूण मृत्यू १४ टक्के आणि २८७ रुग्णांच्या अभ्यासात १२ आठवड्यांत सुमारे ४६ टक्के. मग खरा आकडा कोणता? दोन्ही खरे, पण दोघांचे प्रश्न वेगळे. पहिल्या अभ्यासाची नोंद साथ ऐन भरात असताना थांबली. पुष्कळ रुग्णांचे उपचार तेव्हा पुरे व्हायचे होते. दुसऱ्याने १२ आठवडे वाट पाहिली. परीक्षेच्या पहिल्याच पेपरनंतर निकाल विचारला आणि सगळे पेपर झाल्यावर विचारला, तर उत्तर वेगळे येणारच. म्हणून कोणत्याही शस्त्रक्रियेच्या 'यशाची टक्केवारी' ऐकली, की लगेच विचारावे : किती दिवसांनी मोजली? आणि यश म्हणजे नेमके काय?

दुसरी गोष्ट. शस्त्रक्रिया झालेले अधिक वाचले, यात एक मेख असते. जो रुग्ण भूल सोसण्याच्याही स्थितीत नाही, त्याला शस्त्रक्रियेस घेतच नाहीत. तो 'बिनशस्त्रक्रिया' गटात मोजला जातो आणि त्या गटाचा आकडा आपोआप वाईट दिसतो. खरी तुलना करायची, तर चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना शस्त्रक्रिया आणि अर्ध्यांना नुसते औषध, असे करावे लागेल. या रोगात तसे करणे माणुसकीला धरून नाही आणि कोणी करणारही नाही. पण रक्त पोचत नाही तेथे औषध पोचत नाही, हे शरीरशास्त्र आणि वेगवेगळ्या देशांतील, वेगवेगळ्या काळातील अभ्यासांचा एकच सूर, हे दोन्ही जमेस धरले, तर शस्त्रक्रिया टाळू नये हा निष्कर्ष पक्का राहतो.

जीव वाचल्यावर

मृत्यूच्या टक्केवारीत न दिसणारी एक बाजू आम्हा फॅमिली डॉक्टरांना दिसते. माझ्याकडचे एक किराणा दुकानदार, साठीच्या घरातले. साथ संपून वर्ष उलटले होते. मधुमेहाच्या गोळ्या सोडून ते जांभळाच्या बियांच्या पुडीवर होते. आले ते दाढदुखीची गोळी मागायला. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दाढ काढायला वेळ नाही, सीझन आहे. दोन दिवसांची गोळी द्या." दाढेकडे पाहिले, तर दाढ चांगली होती; पण गालावर कापूस फिरवला तर त्यांना तो उजवीकडे समजत नव्हता. जागेवर साखर तपासली, ती ४०० च्या वर. त्याच संध्याकाळी त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. दुर्बिणीत नाकातला एक भाग काळसर दिसला, तुकडा तपासला, दुसऱ्या दिवशी निदान पक्के झाले.

त्यांचा डोळा वाचला. उजवीकडचा वरचा जबडा आणि टाळूचा भाग गेला. पुढचे काही महिने त्यांनी काय सोसले, ते कोणत्याही तक्त्यात नाही. पाणी प्यायले की नाकातून येई. बोलणे गेंगाणे झाले. फोनवर गिऱ्हाइकाला कळेना म्हणून फोन मुलाकडे गेला. लग्नकार्यात पंगतीला बसणे त्यांनी बंद केले. नंतर दंतवैद्यांनी टाळूची पोकळी झाकणारी कवळी बनवली. तिला ऑब्ट्युरेटर म्हणतात. ती बसली, तेव्हा घास नाकात जाणे थांबले आणि आवाज बराचसा सुधारला. आज ते पुन्हा गल्ल्यावर बसतात. त्यांच्या सौभाग्यवती मला म्हणाल्या, "आता गोळ्या मीच मोजून हातावर ठेवते, आणि गिळल्या की नाही ते तोंड उघडून बघते."

जबडा गेलेल्या रुग्णांना माझे सांगणे असे, की अर्धवट उपचारांवर थांबू नका. अशी कवळी सरकारी दंत महाविद्यालयांतही बनवून मिळते. रोग पुन्हा उलटत नाही याची खात्री झाल्यावर काही रुग्णांत हाडात रोपण करून पक्के दातही बसवता येतात. डोळा गेलेल्यांना कृत्रिम डोळा बसवता येतो. बोलण्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ असतात. आणि ज्याच्या चेहऱ्यात असा बदल होतो, त्याचे मन खचते. घरच्यांनी त्याला आरशापुढे एकटे सोडू नये.

औषधाचीही लांबण असते. अँफोटेरिसिन काही आठवडे शिरेतून द्यावे लागते. त्याने मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तातील पोटॅशियम घटते. म्हणून वारंवार रक्त तपासतात. लायपोसोमल प्रकार मूत्रपिंडाला कमी त्रास देतो, पण महाग पडतो. त्यानंतर पोसाकोनाझोलसारख्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत. नाकाची दुर्बिणीने फेरतपासणी सर्जन सांगतील तितक्या वेळा करावी.

कोणी, केव्हा सावध व्हावे

प्रत्येक सर्दीला काळी बुरशी समजून घाबरू नये. साधी सर्दी बहुधा दोन्ही नाकपुड्यांत असते आणि आठवड्याभरात उतरते. पुढील लक्षणे मधुमेही माणसाला, किंवा स्टेरॉइड, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार वा अवयवरोपणाची औषधे चालू असलेल्याला दिसली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा :

१. चेहऱ्याच्या एकाच बाजूला दुखणे, सूज किंवा बधिरपणा. बधिरपणा हे फार महत्त्वाचे लक्षण आहे; साध्या सायनसच्या दुखण्यात तो सहसा नसतो.

२. एकाच नाकपुडीतून काळसर किंवा रक्तमिश्रित स्राव, खपल्या.

३. वरचे दात दुखणे, अचानक हलू लागणे. टाळूवर काळा किंवा पांढुरका डाग.

४. पापणी जड होऊन खाली येणे, डोळा सुजणे किंवा पुढे येणे, एकाचे दोन दिसणे, नजर कमी होणे.

५. यांबरोबर तीव्र डोकेदुखी, गुंगी किंवा ताप.

तपासणी अवघड नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने नाक पाहतात, संशयास्पद भागाचा लहानसा तुकडा घेतात. पोटॅशच्या द्रावात तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की बुरशीचे रुंद, फितीसारखे धागे काही तासांत ओळखता येतात. रोग कोठवर गेला आहे, हे एम.आर.आय. आणि सी.टी. स्कॅनवर समजते. हे अहवाल येईपर्यंत साखर खाली आणण्याचे काम सुरूच ठेवायचे असते. बहुधा त्यासाठी इन्सुलिन लागते. इन्सुलिनला नाही म्हणू नये.

आता खबरदारीचे. रोज घरात करण्याजोगे मोजकेच आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन मनाने बंद करू नये. कारल्याचा रस, मेथी, जांभळाची पूड घ्यायची तर घ्या, पण गोळीच्या जागी नव्हे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एच.बी.ए.वन.सी. तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित करावी. कोणत्याही कारणाने स्टेरॉइड सुरू झाले, मग ते दम्यासाठी असो, सांधेदुखीसाठी असो की त्वचेच्या विकारासाठी, तर त्या काळात साखर अधिक वेळा पाहावी. 'ताकदीची' म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. त्या घेऊ नयेत. आणि दीर्घकाळ चालू असलेले स्टेरॉइड एकदम थांबवूही नये. त्याचाही धोका असतो. ते डॉक्टरांनीच हळूहळू कमी करायचे असते. साखर ताब्यात नसणाऱ्यांनी शेणखत, ओली माती, जुने धान्य, पडझडीची धूळ अशा ठिकाणी काम करताना नाका-तोंडावर मास्क किंवा निदान जाड फडके बांधावे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात मधुमेही माणसे १० कोटींच्या घरात आहेत. त्यातील पुष्कळांना आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नसते. तिशी ओलांडलेल्या, घरात मधुमेहाचा इतिहास असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी साखर तपासून घ्यावी. काळ्या बुरशीवर लस नाही. तिच्यावरची शस्त्रक्रिया कितीही निष्णात हातांनी झाली, तरी ती गेलेले हाड परत देत नाही. सर्जनच्या टेबलापर्यंत जाण्याची वेळच येऊ नये, एवढी किल्ली मात्र आपल्या हातात आहे, आणि ती आपल्या रोजच्या गोळीच्या डबीत आहे.